हिरव्या चुड्याचं देणं

ताईला १९८३चा जानेवारी महिना आठवत नाही. त्याआधीचे डिसेंबरचे दिवसही धूसरच आहेत. भावजींनी तिला झाशीच्या गाडीतून हाताला धरून उतरवलं, टांग्यातून माधवगंजला आणलं, आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, यातलं काहीच तिच्यापाशी नाही. त्या पाच आठवड्यांत आमच्या घरात जे घडलं ते मी तिला गेली चाळीस वर्षं सांगत आलो आहे. ती ते दुसऱ्या कुणा बाईची हकिगत ऐकावी तसं मन लावून ऐकते आणि शेवटी दर वेळी विचारते, "ती कोण होती म्हणालास?"

जिचे डोळे वाचले तिलाच वाचवणाऱ्यांचा चेहरा माहीत नाही. म्हणून हे देणं तिच्या वतीनं मी सांभाळून ठेवलं आहे. माझ्या पश्चात ते कुणाला ठाऊक असावं म्हणून लिहितो आहे.

मी तेव्हा अकरावीत होतो. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या इतर मराठी घरांसारखंच आमचं घर. घरात मराठी, ओट्यावर हिंदी, आणि चिडल्यावर दोन्हींची सरमिसळ. ताईला पहिलेच दिवस गेले होते. दुसरा महिना लागल्यापासून तिला उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. "दिवस गेले म्हणजे उलट्या व्हायच्याच," असं सगळ्याच जणी म्हणत होत्या, आणि बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही असतं. पण ताईच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. आई तांदळाची पेज करायची, साखर घालून लिंबाचं पाणी द्यायची, मोसंबी पिळून द्यायची. घोटभर जायचं आणि ओंजळभर बाहेर यायचं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या तेव्हा नानांनी, आमच्या वडिलांनी, तिला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं चार दिवसांत ग्लुकोजच्या सात बाटल्या चढवल्या. मी मोजल्या होत्या, कारण रिकाम्या बाटल्या पलंगाखाली ओळीनं ठेवायचे. ताईच्या गालांवर जरा रंग आला. आम्ही तिला घरी आणलं आणि तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दारात दोन नाना उभे आहेत."

मग चालताना तिचे पाय फाकू लागले. न्हाणीघरापर्यंत जायचं तर ती भिंत धरून जायची. एका संध्याकाळी तिनं मला आमच्या वारलेल्या काकांच्या नावानं हाक मारली आणि शेतावरून कधी आलात म्हणून विचारलं. आमचं शेत विकूनही बारा वर्षं झाली होती. गल्लीत चर्चा सुरू झाली. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी बाहेरचं काही आहे म्हणालं. एका बाईंनी तर आईच्या तोंडावर सांगितलं की सासरी परत जायचं नाही म्हणून पोरगी सोंग करते आहे. ते वाक्य ऐकताना आईच्या हातातली परात तशीच राहिली होती. मी ते अजून विसरू शकलेलो नाही.

अशा अवस्थेत आईनं चोरचोळी करायचं ठरवलं. गाजावाजा काही नाही. हिरवी चोळी शिवून घेतली आणि हिरवा चुडा भरायला मनिहारिन चाचीला बोलावलं. माधवगंजातल्या कितीतरी मराठी घरांतल्या मुलींना तिनंच पहिल्या बांगड्या भरल्या होत्या. डोक्यावर टोपली, त्यात दोऱ्यात ओवलेले काचेचे तोडे, आणि बोटं अशी की लहान मुलीच्या हातातही काच कधी फुटली नाही. धुक्याची सकाळ होती. मागच्या अंगणातून थोडा उजेड येत होता तिथं ताईला उशीला टेकून बसवलं. चाचीनं हिरव्या रंगाच्या तीन-चार छटा समोर मांडल्या, शेजारी नेहमीच्या लाल आणि मेंदीच्या रंगाच्याही होत्या, आणि म्हणाली, "ले बिटिया, जो हरा मन भाए, उठा ले."

ताईनं हात पुढं केला आणि लाल तोडा उचलला.

आई म्हणाली, "अगं, हिरवा घे." ताई म्हणाली, "सगळ्याच मातकट आहेत गं." आईला वाटलं, मुलगी पुन्हा भ्रमात गेली. चाचीनं मात्र टोपली बाजूला सारली. ताईच्या कपाळाला हात लावून तिला विचारलं, माझा चेहरा दिसतो का? ताई म्हणाली, कडेनं दिसतो, मधे धुकं आहे. तेव्हा चाची आईला म्हणाली, "बहनजी, बिटिया का दिमाग नहीं फिरा। इसकी आँख जा रही है। आज ही दिखाओ।" तिनं चुडा भरला, अगदी हलक्या हातानं, आणि पैसे घ्यायला नकार दिला. "हिसाब बच्चा होने पर," म्हणाली आणि टोपली उचलून निघून गेली.

पाच आठवडे आम्ही सगळे ताईकडे पाहत होतो. उलटी पाहत होतो, वजन पाहत होतो, तिच्या बोलण्यात किती ताळतंत्र आहे ते पाहत होतो. तिला काय दिसतं हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या मागच्या गल्लीत एक डोळ्यांचे डॉक्टर राहत. वय पंचावन्नच्या पुढं असेल. गजराराजा मेडिकल कॉलेज १९४६ साली सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या काळातले ते विद्यार्थी. आम्ही मुलं त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो. नानांनी मला पिटाळलं. काका आंघोळीला निघाले होते, तसेच खांद्यावर पंचा टाकून आले. आधी त्यांनी ताईला बोटाच्या मागं डोळे फिरवायला सांगितलं. डोळे बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत जातच नव्हते आणि जिथवर जात तिथं थरथरत होते. मग खिशातल्या पेनची लाल टोपी काढून त्यांनी तिच्या समोर धरली. रंग कोणता? "विटकरी." टोपी कानाच्या बाजूला नेली. "आता जरा लाल वाटते." मग अंगणाचं दार लावून, अंधार करून, ऑप्थल्मोस्कोपनं बराच वेळ आत पाहिलं. डोळ्याची नस जिथून डोळ्यात शिरते ती चकती दोन्हीकडे सुजली होती, कडेला रक्ताचे बारीक ठिपके होते.

पुढचे दोनच प्रश्न त्यांनी विचारले. गेल्या सहा आठवड्यांत हिच्या पोटात नक्की काय ठरलं? आणि ग्लुकोज किती चढलं? मी म्हणालो, सात बाटल्या. काकांनी डोळे मिटून घेतले.

मला त्यांनी एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. "नुसतं बी वन. लाल रंगाचं मिश्रण दिलं तर घेऊ नकोस. मिळेल तेवढ्या अँप्यूल आण." मी सायकल हाणली. बाड्यावर दोन दुकानांत नाही म्हणाले. तिथून कंपूकडे, जयारोग्य इस्पितळाच्या बाजूला. तिसऱ्या की चौथ्या दुकानात एक धुळकट खोका निघाला. किंमत किती झाली ते आठवत नाही, पण माझ्या खिशातल्या सुट्ट्या पैशांतून मी सायकलच्या पंक्चरचेही दिले होते, एवढं आठवतं. काकांनी शंभर मिलिग्रॅम सावकाश शिरेतून दिलं. रात्री पुन्हा, सकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी घेऊन गेलो, तेव्हा ताईची नजर माझ्यामागं दारापर्यंत आली. डोळे पूर्ण कोपऱ्यात गेले. तिनं माझं नाव घेतलं. माझंच.

पुढं मी रसायनशास्त्र शिकलो आणि तेच आयुष्यभर शिकवलं, ते त्या दुपारमुळे. शंभर मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतलं मीठसुद्धा नव्हे. तेवढ्यानं माणूस परत कसा येतो, हे मला कळून घ्यायचं होतं.

आपण भात-पोळी काहीही खाल्लं तरी त्यातलं ग्लुकोज पेशीत शिरल्यावर आधी पायरुव्हेटपर्यंत येतं. तिथून पुढं ते भट्टीत जायचं तर दारावर एक एन्झाइम उभं असतं आणि त्याच्या हातात किल्ली असते ती थायमिनची, म्हणजे बी वनची. किल्ली नसली की माल दाराशीच अडतो, त्याचं लॅक्टिक आम्ल होतं आणि आतली भट्टी विझत जाते. बी वन शरीरात साठतं जेमतेम तीस मिलिग्रॅम. रोज मिलिग्रॅमभर लागतं, गरोदर बाईला त्याहून थोडं जास्त. पोटात काहीच ठरलं नाही तर हा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. ताईचा तो केव्हाच संपलेला होता. अशा वेळी शिरेतून साखर ओतली की उरलीसुरली किल्लीही त्या साखरेपायी खर्ची पडते. त्या सात बाटल्यांनी तिला अशक्तपणातून वर काढलं आणि त्याच धक्क्यानं मेंदूला कड्यावर नेऊन उभं केलं. त्या दवाखान्यावर माझा राग होता. आता नाही. ग्लुकोज लावणाऱ्या हातांनाही ती बरीच व्हायला हवी होती.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण तो ऊर्जा वापरतो वीस टक्के. म्हणून पहिला तोच भुकेजतो. त्यातही डोळ्यांची हालचाल, तोल आणि ताजी आठवण सांभाळणाऱ्या जागा आधी बंद पडतात. डोळ्याच्या नसेचं गणित याहून नाजूक आहे. तिच्यात साधारण दहा-बारा लाख तंतू असतात. वाचायला, चेहरा ओळखायला, रंग पारखायला लागणारी मधली नजर ज्या तंतूंतून जाते ते सगळ्यांत बारीक. डोळ्याच्या आतल्या भागात तर त्यांच्यावर मायलिनचं वेष्टणही नसतं, त्यामुळे संदेश पुढं ढकलायला त्यांना जास्त ऊर्जा खर्चावी लागते. उपासमार झाली की आधी हेच तंतू मंदावतात. कडेचं दिसत राहतं, मधे धुकं येतं, आणि लाल-हिरवा विटतात. चाचीच्या टोपलीपुढं बसलेल्या ताईला नेमकं हेच दिसत होतं.

क्यूबात १९९१ ते १९९३ या तंगीच्या वर्षांत पन्नास हजारांहून जास्त माणसांच्या नसा अशा दुखावल्या, त्यांतल्या पुष्कळांची मधली नजर गेली. तिथं एकट्या बी वनचीच उणीव नव्हती, इतर बी जीवनसत्त्वांची उणीव आणि तंबाखूही त्यात होती. अखेर सरकारनं साऱ्या देशाला जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्या आणि साथ ओसरली. हे वाचताना मला चाचीची ती टोपली आठवली होती. तिकडे किती जणींनी हिरवं म्हणून लाल उचललं असेल!

डॉक्टरकाकांना हे सुचलं कसं, ते मी त्यांना पुढं विचारलं. ते म्हणाले, दारू पिणाऱ्या एका माणसात हे एकदा पाहिलं होतं, आणि विद्यार्थी असताना सिंगापूरच्या युद्धकैद्यांबद्दल वाचलं होतं. चांगीच्या छावणीत, जपान्यांच्या कैदेत, पॉलिशच्या तांदळावर आणि हगवणीवर दिवस काढणाऱ्या सैनिकांचे डोळे असेच थरथरू लागत. तिथल्या तरुण डॉक्टरांपैकी द वॉर्डनर आणि लेनॉक्स यांनी अशा ५२ रुग्णांची नोंद सांभाळून ठेवली आणि १९४७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापली. कैदेतल्या अर्धपोटी माणसांनी जपून ठेवलेल्या त्या नोंदी माधवगंजच्या एका अंगणापर्यंत आल्या आणि माझ्या बहिणीच्या कामी आल्या.

त्याही मागं गेलो तेव्हा एक शिंपीण भेटली. १८८१ साली कार्ल वेर्निके यांनी बर्लिनमध्ये तीन रुग्णांचं वर्णन लिहिलं, ज्यावरून आज हा आजार त्यांच्या नावानं ओळखला जातो. दोन पुरुष दारू पिणारे होते. तिसरी वीस वर्षांची, शिवणकाम करणारी मुलगी. तिनं जीव द्यायला गंधकाम्ल घेतलं होतं, त्यातून वाचली, पण मग आठवड्यानुआठवडे उलट्या. तेच डोळे, तीच चाल, तोच भ्रम. तिघंही गेले. वेर्निकेंना तो दाह वाटला. बी वन नावाचं काही असतं हे तेव्हा जगात कुणाला माहीत नव्हतं. त्या मुलीच्या वर्णनाचं मराठी मी माझ्या वहीत करून ठेवलं आहे. वीस वर्षांची. ताई बावीसची होती.

बी वनचा माग पुढं लागला तो कोंबड्यांमुळे. जावामधल्या बटाव्हियाच्या लष्करी इस्पितळात क्रिस्तियान आयक्मान यांच्या कोंबड्या लंगडू लागल्या, तेव्हा त्या इस्पितळातल्या उरलेल्या पांढऱ्या भातावर जगत होत्या. नवा आचारी आला आणि त्यानं लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला. त्यांना कोंडा असलेला तांदूळ मिळाला आणि त्या चालू लागल्या. आयक्मानना १९२९ साली नोबेल मिळालं, ते योग्यच होतं. पण मला तो आचारी आणि आमची मनिहारिन एका पंगतीत बसलेले दिसतात.

मनिलात १९१० साली तांदळाच्या कोंड्याचा अर्क काढून मरणपंथाला लागलेल्या बाळांना पाजणारे रॉबर्ट विल्यम्स हे तर आपल्या नेल्लोरला १८८६ साली जन्मलेले, मिशनरी आईबापांच्या पोटी. कोंड्यातलं ते द्रव्य शोधण्यात त्यांनी पंचवीस वर्षं घातली आणि १९३६ साली ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. धुळकट खोक्यातली अँप्यूल ही त्या पंचवीस वर्षांची.

ताईची चाल सुधारायला दोन महिने लागले. नजर हळूहळू आली, उजव्या डोळ्यात पूर्ण, डाव्यात मधोमध थोडी कसर राहिली. आजही कुणी नवा डॉक्टर तिच्या डाव्या डोळ्यात पाहतो तेव्हा विचारतो, ही चकती फिकट कशानं झाली? आठवणीचं ते पाच आठवड्यांचं पान मात्र कोरं राहिलं. या आजारात पुष्कळांच्या बाबतीत त्याहून जास्त जातं. उलट्या थांबल्यावर काका म्हणाले होते, आता डाळ, शेंगदाणे, कोंडा न चाळलेल्या कणकेची पोळी, आणि थंडी आहे तर गजक खा, तिळात बी वन असतं. नाना रोज पावभर गजक आणायचे. ऑगस्टात भाचा झाला, धडधाकट.

दीर्घकाळ उलट्या होणाऱ्या गरोदर बाईला ग्लुकोज लावण्याआधी, निदान त्यासोबत, थायमिन द्यावं, असं आज वैद्यकाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. मात्राही आता तेव्हापेक्षा पुष्कळ मोठी देतात, संशय आला की तपासणीची वाट न पाहता देतात. तरीही ते राहून जातं. माझ्या विद्यार्थिनींपैकी कुणी आई होणार असल्याचं कळलं की मी हे सांगितल्याशिवाय राहत नाही. त्यांना अवघडल्यासारखं होतं, तरी सांगतो. त्याच वेळी हेही सांगतो की नजर गेली म्हणजे बी वनची गोळी, असं नाही. डोळ्याची नस सुजायला इतर पुष्कळ कारणं आहेत आणि ती डोळ्यांच्या डॉक्टरांनीच पाहायची असतात.

काकांनी फी घेतली नाही. आई ताटात नारळ आणि एकशे एक रुपये घेऊन गेली तेव्हा त्यांनी नारळ ठेवला आणि पैसे परत केले. "निदान त्या बांगडीवालीनं केलं. तिला द्या." आई बाळंतपणाच्या धांदलीतून सुटून चाचीकडे गेली तोवर दिवाळी जवळ आली होती. चाची फिरोझाबादला लेकीकडे गेली होती. येईल म्हणत होते. ती आली नाही. मी नोकरीला लागल्यावर एकदा फिरोझाबादला जाऊन आलो. काचेच्या भट्ट्यांच्या त्या गावात मनिहारांच्या इतक्या गल्ल्या, आणि मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. आम्ही तिला आयुष्यभर चाचीच म्हटलं होतं. दोन दिवस विचारत फिरलो आणि परत आलो.

डॉक्टरकाका गेले १९९६ साली. आई २०११ला. तिचा देव्हारा आवरताना कुंकवाच्या पितळी डबीखाली घडी केलेली पाच रुपयांची नोट सापडली. सोबत वहीचा तुकडा होता, आईच्या अक्षरात: "चुडा, दोन डझन. मनिहारिन."

मागच्या दिवाळीत ताई माधवगंजला आली होती. मी ती नोट तिच्या हातात दिली आणि सगळं पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग नोट घेऊन ती मागच्या अंगणाच्या दाराशी, उजेडात गेली, तळहातानं उजवा डोळा झाकला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"ट्रॅक्टरची आहे," ती म्हणाली. "हिरवी."